गोठलेल्या भूमीवरचे रस्ते : एका संशोधनशाखेची परिभाषा आणि मराठी

१. विषय आणि प्रयोजन

अलास्का, उत्तर कॅनडा, सायबेरिया आणि तिबेटचे पठार येथील पुष्कळसे रस्ते व लोहमार्ग वर्षानुवर्षे गोठून राहिलेल्या जमिनीवर बांधलेले आहेत. अशा जमिनीवर रस्ता टिकवायचा कसा, या प्रश्नावर गेली जवळजवळ शंभर वर्षे विद्यापीठांतून संशोधन चालू आहे. त्या संशोधनाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे; मात्र तो परिचय मी त्यातील शब्दांच्या वाटेने करून देणार आहे. मी अभियांत्रिकीची नव्हे, मराठी साहित्याची अध्यापक आहे. पदव्युत्तर वर्गाला अनुवादाची अभ्यासपत्रिका शिकवताना या विषयावरचे उतारे मी मुद्दाम देते. इंदूरच्या आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो बहुधा गोळेवाल्याच्या गाडीवर. या विषयाचे शब्द नेहमीच्या शब्दकोशांत सहसा सापडत नाहीत. त्यामुळे शब्दापुढे शब्द ठेवून मोकळे होण्याची सोय उरत नाही. आधी वस्तू समजून घ्यावी लागते आणि मगच तिचे नाव शोधता येते.

या अभ्यासातून जे हाती आले ते असे : अतिशीत प्रदेशातील रस्त्यांचा खरा शत्रू थंडी नसून उष्णता आहे, आणि ती उष्णता बऱ्याच अंशी रस्ता स्वतःच जमिनीत नेत असतो. एवढे कळले की या संशोधनशाखेची बहुतेक खटपट उलगडत जाते. पण आपल्याला चटकन सुचणारे मराठी प्रतिशब्द नेमकी हीच गोष्ट झाकून टाकतात. परिभाषा केवळ शुद्ध वा सुबोध असून भागत नाही, ती वस्तूच्या वर्तनाशी प्रामाणिक असावी लागते, हे दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला मिळाले नाही.

२. ‘कायमचा बर्फ’ या प्रतिशब्दातील दोन दोष

या शाखेचा पायाभूत शब्द ‘पर्माफ्रॉस्ट’. वर्गात पहिल्या फेरीत त्याला मिळणारे प्रतिशब्द ठरलेले असतात : ‘कायमचा बर्फ’, ‘स्थायी हिम’, ‘चिरतुषार’. यांपैकी कोणताही घेतला तरी त्यात दोन दोष राहतात.

पहिला दोष असा की, हा शब्द बर्फाचा नसून जमिनीचा आहे. जी जमीन, म्हणजे माती, खडक आणि त्यांत असेल तो बर्फ व सेंद्रिय द्रव्य धरून, सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखालील तपमानात राहते, तिला ही संज्ञा लागू होते. व्याख्येत अट तपमानाची आहे, बर्फाची नाही. पाण्याचा थेंबही नसलेला कोरडा खडक या व्याख्येत बसतो. उलट बर्फाची प्रचंड नदी असलेली हिमनदी बसत नाही. रस्ता बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. कोरडा गोठलेला खडक उबदार झाला तरी रस्त्याला फारसा धोका नसतो. पण मातीत बर्फाचे थर आणि पाचरी असतील, तर तीच जमीन वितळल्यावर चिखल होते आणि तिचे घनफळ घटते. तेव्हा जमीन किती थंड आहे आणि तिच्यात बर्फ किती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘कायमचा बर्फ’ म्हटले की दोन्ही एक होऊन जातात.

दुसरा दोष ‘कायम’ या शब्दात आहे, आणि तो आपण मुळातूनच उसना घेतला आहे. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल सुमगिन यांच्या १९२७ सालच्या ग्रंथामुळे ‘वेचनाया मेरझलोता’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ‘वेचनाया’ म्हणजे शाश्वत. ‘मेरझलोता’ हे गोठणे या अर्थाच्या क्रियापदापासून साधलेले घरगुती रशियन नाम आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला उत्तरेकडे रस्ते आणि विमानतळ बांधायचे होते. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ सायमन मुलर यांनी मुख्यतः रशियन साहित्याच्या आधारे १९४३ साली एक अहवाल तयार केला. ‘कायम गोठलेली जमीन’ या लांबलचक वर्णनाऐवजी ‘पर्माफ्रॉस्ट’ हा आटोपशीर शब्द त्यांनी त्यात योजला.

हा जोडशब्द सर्वांना रुचला नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे कर्क ब्रायन यांनी १९४६ साली त्यावर आक्षेप घेऊन लॅटिन धातूंपासून ‘पर्जेलिसॉल’ असा पर्याय सुचवला. इंग्रजीने तो स्वीकारला नाही, पण फ्रेंच भाषेने स्वीकारला. आजही फ्रेंचमध्ये ‘पेर्जेलिसोल’ हाच शब्द चालतो. रशियन शास्त्रज्ञांनी पुढे ‘शाश्वत’ हे विशेषण मागे सारून ‘म्नोगोलेतन्याया’, म्हणजे ‘अनेक वर्षांची’, हे विशेषण पसंत केले. गोठलेपण शाश्वत नाही, हे कळल्यावर त्यांनी आपला शब्द दुरुस्त केला. इंग्रजीत मात्र ‘पर्मा’ हे पद कायमचे चिकटून बसले. हा इतिहास माहीत असताना मराठीत आज नव्याने ‘कायमचा’ किंवा ‘चिर’ घालण्याचे कारण नाही.

मराठीत यासाठी एक चांगले विशेषण तयार आहे : ‘बारमाही’. बारमाही नदी म्हणजे उन्हाळ्यातही वाहणारी नदी. ती अनंत काळ वाहील असे आपण म्हणत नाही, आणि अशी नदी आटलेलीही आपण पाहिली आहे. दोन वर्षांच्या अटीचा व्यावहारिक अर्थही असाच आहे : दोन हिवाळ्यांच्या मधला उन्हाळा आला आणि गेला, तरी जी वितळली नाही ती जमीन. ‘कोरीव’, ‘घोटीव’ यांच्या चालीवर ‘गोठीव’ हे विशेषण सहज साधते. म्हणून ‘बारमाही गोठीव जमीन’ असे म्हणावे, अशी माझी सूचना आहे. ‘गोठण’ हे नामही सुचते, पण कोकणात गोठण म्हणजे गुरे विसावण्याची जागा, त्यामुळे ते टाळावे. या जमिनीच्या वर दर उन्हाळ्यात वितळणारा आणि दर हिवाळ्यात पुन्हा गोठणारा जो थर असतो, त्याला इंग्रजीत ‘सक्रिय थर’ अशा अर्थाचे नाव आहे. मराठीत ‘हंगामी थर’ म्हटले तर ‘बारमाही’शी त्याची जोडी आपोआप जुळते.

३. रस्ता उष्णता नेतो ती कशी

१९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अलास्काला खुष्कीच्या मार्गाने जोडण्याची निकड निर्माण झाली. मार्च ते ऑक्टोबर १९४२ या सुमारे आठ महिन्यांत अमेरिकी सैन्याने कॅनडातील डॉसन क्रीकपासून अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत सुमारे अडीच हजार किलोमीटरांचा मार्ग खोदून काढला. दहा हजारांहून अधिक सैनिक या कामावर होते आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते.

प्रारंभी सैनिकांनी जे केले ते आपल्याकडचा कोणताही कंत्राटदार करील : झाडे तोडली, वरचे शेवाळ व गवत यंत्राने खरवडून काढले आणि ‘घट्ट’ जमीन उघडी केली. उत्तरेत उन्हाळ्याचे दिवस फार लांब असतात. उघडी पडलेली जमीन वितळू लागली आणि गाड्या चिखलात रुतू लागल्या. चिखल काढून टाकला की खालचा थर उघडा पडे आणि तोही वितळे. अखेरीस उलटी पद्धत अंगिकारली गेली. शेवाळाचे आच्छादन जसेच्या तसे ठेवायचे, त्यावर ओंडके आडवे अंथरायचे आणि त्यांवर खडीमातीचा भराव टाकायचा. जमीन साफ न करता झाकायची, हा या शाखेचा पहिला धडा सैन्याने असा चिखलात शिकला.

पुढील संशोधनाने ही उष्णता जमिनीत कोणकोणत्या वाटांनी जाते हे दाखवले. शेवाळाचे आवरण गेले की उन्हाळ्याची ऊब थेट आत शिरते. डांबराचा काळा पृष्ठभाग ऊन शोषून घेतो. भरावाच्या पायथ्याशी पाणी साचले तर ते पाणी उष्णता साठवून ठेवते आणि खाली झिरपवते. चौथी वाट मात्र वाचकाला चकित करील. हिवाळ्यात रस्त्यावरचे हिम यंत्राने बाजूला लोटतात आणि ते साइडपट्टीवर व भरावाच्या उतारावर साचते. भुसभुशीत हिम हे उत्तम उष्णतारोधक असते. बाहेर उणे चाळीस अंश असले तरी त्याखालची जमीन गोधडीत गुंडाळल्यासारखी राहते. उन्हाळ्यात आत शिरलेली उष्णता हिवाळ्यात बाहेर पडायला हवी, ती या गोधडीमुळे पडू शकत नाही. वर्षाचा जमाखर्च दरसाल थोडा उष्णतेच्या बाजूने झुकतो. म्हणून अशा रस्त्यांवर लांबच लांब भेगा पडतात त्या पुष्कळदा मध्यभागी नव्हे, तर कडेने.

फेअरबँक्स शहराच्या परिसरात बारमाही गोठीव जमिनीचे तपमान शून्याच्या जेमतेम एखाददोन अंश खाली असते. तेथे एवढासा झुकावही पुरतो. बर्फ वितळतो, पाणी निघून जाते, पोकळी राहते आणि रस्ता खचतो. आपल्या वृत्तपत्रांत पावसाळ्यात ‘रस्ता खचला’ असे मथळे येतात. इंग्रजी संज्ञेसाठी मुद्दाम ‘विद्रावणजन्य अवसादन’ असे काही घडवण्यापेक्षा ‘वितळून खचणे’ हे मराठी माणसाला अधिक कळेल आणि शास्त्रदृष्ट्याही ते निर्दोष आहे.

४. फुगवटा : बर्फ न प्रसरता जमीन का वर येते

आतापर्यंत जमीन खचण्याचा विचार केला. पण गोठताना जमीन वरही येते आणि रस्त्याला लाटा येतात. हे बारमाही गोठीव जमीन नसलेल्या थंड मुलखांतही घडते. पाणी गोठले की त्याचे घनफळ सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे शाळेत शिकलेले असल्यामुळे कारण उघड वाटते. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत तज्ज्ञांनाही बहुधा तेच पुरेसे वाटत होते.

साधा हिशेब करून पाहू. एक मीटर जाडीच्या मातीत निम्मे पाणी आहे, इतके ढोबळ मोजमाप धरले, तरी ते सारे गोठून जमीन फार तर साडेचार सेंटीमीटर वर यावी. प्रत्यक्षात जमीन त्याहून कितीतरी अधिक उचलली गेलेली आढळे. हे कोडे दक्षिण कॅरोलिना विद्यापीठातील भूशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन टेबर यांनी सोडवले. दक्षिण कॅरोलिना हा अमेरिकेतील उबदार प्रांत, हेही येथे लक्षात घ्यावे. १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनी आपले प्रयोग मांडले. त्यांतील एक प्रयोग मला फार देखणा वाटतो. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरले. बेंझीन गोठताना प्रसरण पावत नाही, आकुंचन पावते. तरीही माती फुगली! म्हणजे फुगवट्याचे मूळ प्रसरणात नव्हते.

मूळ होते ते शोषणात. थंडी वरून खाली उतरत असताना बारीक मातीत एका पातळीवर बर्फाचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो खालच्या न गोठलेल्या मातीतून पाणी स्वतःकडे ओढू लागतो. पाणी येत राहते, पापुद्रा जाड होत राहतो आणि वरची जमीन उचलत राहतो. यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : थंडी, पाण्याचा पुरवठा आणि योग्य बारकाईची माती. जाड वाळूत पाणी वर ओढले जात नाही. अगदी चिकट मातीत ओढ प्रबळ असते, पण पाण्याला वाट मिळत नाही. दोन्हींच्या मधली गाळवट पोयटा माती सर्वांत घातक ठरते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील आर्थर कॅसाग्रांदे यांनी १९३१ च्या सुमारास याला आकड्यांचे रूप दिले. निरनिराळ्या आकाराचे कण असलेल्या मातीत ०.०२ मिलीमीटरहून बारीक कण वजनाने ३ टक्क्यांपेक्षा अधिक असतील, आणि एकसारख्या कणांच्या मातीत ते १० टक्क्यांपेक्षा अधिक असतील, तर ती माती फुगण्याचा धोका मानावा. रस्त्याच्या भरावासाठी कोणती माती चालेल आणि कोणती नाही, हे त्यामुळे चाळणीवर व पाण्याच्या नळकांड्यात तपासता येऊ लागले.

माळव्यातील वाचकाला फुगणाऱ्या जमिनीची ओळख आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. तेथे कारण वेगळे आहे. काळ्या मातीतील विशिष्ट खनिज पाणी घेऊन स्वतःच फुगते, त्यात गोठण्याचा संबंध नाही. परंतु तुलना उपयोगी पडते. दोन्हीकडे रस्ता वरून मोडत नाही, खालून उचलला जातो. आणि दोन्हीकडे उपाय एकाच दिशेचे आहेत : बारीक माती दूर करा, मुरूम-खडी भरा, पाण्याला वाट काढून द्या. ‘गोठफुगवटा’ हा शब्द वर्गात सांगितला की मुले काळ्या मातीवरून त्याचा अर्थ लावतात. ‘हिमोत्थान’ असा संस्कृत शब्द ठेवला तर त्यांना एखादे पर्वताचे नाव ऐकल्यासारखे वाटते.

५. विद्यापीठाच्या दारातला रस्ता

उष्णता हा शत्रू ठरल्यावर उपायाची दिशाही बदलते. उष्णता अडवणे पुरेसे नसते, कारण अडवलेली उष्णता सावकाश का होईना आत जातेच. हिवाळ्यात ती बाहेर काढण्याची व्यवस्था करावी लागते. या कामात फेअरबँक्स येथील अलास्का विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. १९१७ साली कृषी व खाणकाम शिकवणारे महाविद्यालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेच्या पायाखालीच प्रश्न होता.

तेथील प्राध्यापक डग्लस गोअरिंग यांनी १९९० च्या दशकात एका वेगळ्या भरावाचा अभ्यास केला. नेहमीच्या भरावात मोठ्या खडीबरोबर बारीक मातीही असते, म्हणजे पोकळ्या भरून जातात. या भरावात फक्त मोठे, साधारण एकाच आकाराचे दगड घालायचे आणि मधल्या पोकळ्या मोकळ्या ठेवायच्या. हिवाळ्यात भरावाचा माथा अतिशय थंड आणि तळ त्या मानाने उबदार असतो. वरची थंड हवा जड असल्याने खाली उतरते, तळाची उबदार हवा वर येते, आणि हवेचे हे चक्र जमिनीतील उष्णता उपसून बाहेर टाकत राहते. उन्हाळ्यात माथा उबदार आणि तळ थंड असतो. जड हवा आधीच खाली असल्याने चक्र थांबते. म्हणजे दार हिवाळ्यात उघडे आणि उन्हाळ्यात आपोआप बंद. ना वीज लागते, ना यंत्र. इंग्रजी नाव बोजड आहे, पण मराठीत घर बांधताना आपण ‘हवा खेळती राहिली पाहिजे’ असे म्हणतोच. म्हणून ‘खेळत्या हवेचा भराव’.

दुसरे साधन म्हणजे बंद नळी. तिच्यात अमोनिया किंवा कर्बवायूसारखा द्रव-वायू भरलेला असतो. हिवाळ्यात जमिनीतील उष्णतेने तळाचा द्रव उकळून वाफ होतो, वाफ वर जाते, थंड हवेतल्या टोकाशी तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो खाली ओघळतो. उन्हाळ्यात हे चक्रही थांबते. अलास्काची उत्तर-दक्षिण तेलवाहिनी १९७७ साली सुरू झाली. तिच्या जमिनीवर उचलून धरलेल्या भागाच्या खांबांत अशा एक लाखाहून अधिक नळ्या आहेत. ‘उपसा सिंचन’ आपल्या परिचयाचे आहे. त्याच धर्तीवर हिला ‘उष्णता-उपसा नळी’ म्हणता येईल. फेअरबँक्सच्या विद्यापीठात शिरणाऱ्या थॉम्प्सन ड्राइव्ह या रस्त्यावर खेळत्या हवेचा भराव आणि या नळ्या, दोन्ही वापरल्या गेल्या आणि जमिनीतील तपमानाच्या नोंदी ठेवून त्यांचे परिणाम तपासले गेले. रोजच्या वहिवाटीचा रस्ताच प्रयोगशाळा झाला.

असेच काम इतरत्रही झाले. कॅनडाच्या युकॉन प्रांतात बीव्हर क्रीक गावाजवळ, १९४२ च्या त्याच अलास्का महामार्गावर, २००८ साली बारा चाचणी-तुकडे बांधण्यात आले. कुठे खेळत्या हवेचा भराव, कुठे उतारावर हिम साचू न देणारे छप्पर, कुठे फिकट रंगाचा पृष्ठभाग, असे उपाय एकाच जमिनीवर शेजारीशेजारी ठेवून पाहण्यात आले. क्वेबेकचे लावाल विद्यापीठ त्या कामात सहभागी होते. तिबेटच्या पठारावर गोलमुड ते ल्हासा हा १,१४२ किलोमीटरांचा लोहमार्ग १ जुलै २००६ रोजी सुरू झाला. त्याचा सुमारे ५५० किलोमीटरांचा भाग बारमाही गोठीव जमिनीवरून जातो. लान्झो येथील चिनी शास्त्रज्ञांनी तेथे ‘मार्ग थंड ठेवा’ हेच सूत्र धरून दगडी भराव, उपसा नळ्या आणि फार नाजूक जागी जमिनीला स्पर्शच न करणारे पूल योजले.

तथापि हे उपाय हिवाळ्याच्या थंडीवर जगतात. उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने तापत आहे. हिवाळा सौम्य झाला की उपसा कमी पडतो. अलास्कातील देनाली राष्ट्रीय उद्यानात आत जाणारा एकच रस्ता आहे. बर्फ धरून असलेला उतार सरकू लागल्यामुळे तो ऑगस्ट २०२१ मध्ये अर्ध्यावर बंद करावा लागला आणि पुढे ती जागा ओलांडण्यासाठी पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. ‘कायम’ या शब्दाने दिलेला भरवसा किती कच्चा होता, याचा हा पुरावा आहे.

६. तेथील माणसांचे शब्द आणि आपले शब्द

या शास्त्राने आपले सगळेच शब्द ग्रंथांतून घेतलेले नाहीत. आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकडीला ‘पिंगो’ म्हणतात, तो इनुइट लोकांचा शब्द आहे. गोठीव जमिनीतील न गोठलेल्या पट्ट्याला ‘तालिक’ म्हणतात, तो रशियन आहे. हिवाळ्यात पाझरणारे पाणी थरावर थर गोठत जाऊन मोऱ्या बुजवते आणि रस्त्यावर चढते. त्याला रशियनमध्ये ‘नालेद’ आणि जर्मनमध्ये ‘आउफआइस’ म्हणतात. फिन्निश भाषेत ‘केलिरिक्को’ असा एक शब्द आहे. वसंतात वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच असतो, पाण्याला खाली जायला वाट नसते आणि रस्ता लगदा होतो, त्या दिवसांचे हे नाव. अमेरिकेच्या उत्तर भागात याच काळात जड वाहनांच्या वजनावर मर्यादा घालतात. जे लोक या जमिनीवर जगले, त्यांना या अवस्थांची नावे आधीपासून ठाऊक होती; शास्त्राने ती घेतली आणि त्यांना मोजमाप दिले.

मराठीला हिमाची नावे नाहीत, पण मातीच्या अवस्थांची आहेत. पाऊस उघडल्यावर माती ना फार ओली ना फार कोरडी, अशा स्थितीला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. पाणी न निचरणाऱ्या जमिनीला ‘चिबड’ म्हणतो. या दोन शब्दांत मातीतील पाणी आणि हवा यांचे जे ज्ञान साठले आहे, ते केलिरिक्कोतल्या ज्ञानाच्या जातीचेच आहे. वसंतात रस्त्याखालची माती चिबड होते आणि ती वाफशावर येईपर्यंत जड गाड्यांना बंदी असते, असे एका वाक्यात सांगितले तर ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. रस्त्यावर चढणाऱ्या थरांच्या बर्फाला ‘पाझरबर्फ’ म्हणावे. पाझर तलाव माहीत असलेल्याला तो शब्द परका वाटणार नाही. ‘पिंगो’ आणि ‘तालिक’ मात्र जसेच्या तसे घ्यावेत. ती त्या भूमीची विशेषनामे म्हणावीत अशीच नावे आहेत, आणि बहुतेक भाषांनी ती तशीच ठेवली आहेत.

यावरून तीन कसोट्या मांडता येतात. पहिली : मराठीत त्याच जातीच्या घटनेसाठी वापरातला शब्द असेल तर तो घ्यावा, जसे खचणे, फुगवटा, पाझर, भराव. दुसरी : मूळ संज्ञेत चुकीचे आश्वासन असेल तर त्याचा अनुवाद करू नये, ‘कायम’ऐवजी ‘बारमाही’ म्हणावे. तिसरी : वस्तू केवळ त्या मुलखातली असेल तर नावही त्या मुलखाचे ठेवावे.

७. समारोप

महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला हे काम नवे नाही. राज्यकारभारासाठी शब्द हवेत म्हणून बडोद्यात १९३१ साली ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध झाला. ज्या नगरीत मराठी ही बहुसंख्यांची भाषा नव्हती, तेथे ते काम झाले. आज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपली मुले विज्ञान इंग्रजीत शिकतात, बाजारात हिंदी वा गुजराती वा तेलुगू बोलतात, आणि मराठी त्यांच्याकडे घरापुरती व सणासमारंभापुरती उरते. अशा वेळी मराठीत कविता वाचल्या जातात की नाही, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे की, एखादी अपरिचित गोष्ट ‘म्हणजे नेमके काय होते’ हे मराठीत विचारता आणि सांगता येते की नाही.

हा विषयही वाटतो तितका परका नाही. लडाखच्या उंच भागांत बारमाही गोठीव जमीन आहे, तेथे १९६० साली स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना रस्ते राखते, आणि बेळगावच्या केंद्रातून शिकून निघालेले मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान तशा रस्त्यांनी जा-ये करतात. सुटीवर घरी आलेल्या एखाद्या जवानाला त्याच्या आईने विचारले की, इतक्या थंडीत रस्ता खचतो कसा, तर त्याचे उत्तर मराठीत देता आले पाहिजे. ते असे देता येईल : तिथली जमीन बारमाही गोठीव असते; रस्त्याने तिची ऊब वाढवली की आतला बर्फ वितळतो आणि वरचा भराव खचतो; म्हणून तिथे रस्ता ऊबदार नव्हे, थंड ठेवावा लागतो. या उत्तरात एकही शब्द त्या आईला अडणार नाही, आणि एकही शब्द शास्त्राला सोडून नाही.